नडीची लाच आणि लोभाची लाच



लाच हा शब्द तोंडावर कुणी उच्चारत नाही. चहापाणी म्हणतात, चिरीमिरी म्हणतात, कागदावर थोडे वजन ठेवा म्हणतात, ‘साहेबांचं काय ते बघा’ म्हणतात. एका वाईट गोष्टीला इतकी गोड नावे असावीत, यावरूनच ती आपल्यात किती मुरली आहे हे दिसून येते. आज या गोष्टीचा आणि तिला आवर घालण्यासाठी झालेल्या कायद्यांचा थोडा विचार करावयाचा आहे. कायदा म्हटला की ते वकिलाचे काम, असे समजून रेडिओ बंद करू नका. यांतले बरेचसे कायदे वकिलाशिवाय चालतात. त्यांना लागतो एक कोरा कागद, दहा रुपयांचा स्टँप आणि सही करायला न डगमगणारा हात.

हे दुखणे नवे नाही. शिवाजीमहाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र लिहिले. गोरगरीब कुणब्याला बैल द्यावा, बी द्यावे, दिलेल्याचे मुद्दल त्याला झेपेल तसे हळूहळू घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. आणि सुभेदाराने रयतेच्या भाजीच्या देठाचीसुद्धा आशा धरू नये, अशी ताकीदही दिली आहे. अधिकारी माणसाचा हात रयतेच्या परड्यात जाऊ शकतो, हे राजाला ठाऊक होते, म्हणूनच ताकीद द्यावी लागली. पुढे दोनशे वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारी खात्यांतली माणसे अडाणी शेतकऱ्याला कशी नाडतात, हे त्यात सविस्तर आले आहे. राज्ये बदलली, पागोटी जाऊन टोप्या आल्या, टोप्या जाऊन उघडी डोकी आली. पण अडलेल्या माणसाकडून काढायचे ही खोड काही गेली नाही.

आता, लाच म्हणजे नेमके काय विकले जाते, हे आधी समजून घेऊ. लाच दोन तऱ्हेची असते. एक नडीची, दुसरी लोभाची. दोन्हींत पैसा खिशातून खिशात जातो, म्हणून वरून त्या सारख्या दिसतात. पण त्यांची जात निराळी आणि औषधही निराळे.

नडीची लाच कशी असते? समजा, एका बाईचा नवरा वारला. जमिनीला मुलाबाळांची वारसनोंद लावायची आहे. नियमाने काम सरळ आहे. अर्ज द्यायचा, तलाठ्याने—त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात—फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. यात मेहरबानी कोणाचीच नाही. पण बाईला हे पंधरा दिवस ठाऊक नाहीत. तिला सांगतात, ‘बाई, सरकारी काम अन् सहा महिने थांब.’ ती खेटे घालते, मजुरी बुडवते, आणि शेवटी पदराची गाठ सोडते. तिने काय विकत घेतले? तिचे स्वतःचेच. विकणाऱ्यापाशी दोनच वस्तू होत्या: एक दिरंगाई आणि दुसरे तिचे अज्ञान.

लोभाची लाच याच्या उलट. इथे देणारा अडलेला नसतो. रस्त्याच्या कामात खडीचा थर कमी टाकायचा आणि बिल पुरे काढायचे. गायरानात भिंत घालायची आणि पंचनामा होऊ द्यायचा नाही. मोजणीत बांध दोन हात सरकवायचा. देणारा खूष, घेणारा खूष. मग तक्रार कोण करणार? ज्याचे नुकसान झाले तो तिथे हजरच नसतो. तो त्या रस्त्याने पुढल्या पावसाळ्यात चालणार असतो, किंवा त्या शाळेच्या छपराखाली बसून धडा वाचत असतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर ओरडणार कोण, असा हा प्रकार आहे.

नडीच्या लाचेवर पहिला उपाय मुदतीचा. ज्या कामाला किती दिवस लागतात हे भिंतीवर लिहिलेले आहे, त्या कामाची दिरंगाई विकता येत नाही. आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जन्ममृत्यूचा दाखला, घराचा नमुना आठचा उतारा अशा ज्या सेवा सरकारने जाहीर केल्या आहेत, त्या किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यावयाच्या, किती फी घ्यावयाची, हे कचेरीच्या फलकावर लावले पाहिजे. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. नकार असेल तर त्याचे कारण लेखी दिले पाहिजे. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, तिथे नाही झाले तर दुसरे अपील, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील. विनाकारण चुकारपणा करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

याच्याही आधी, २००६ पासून, दुसरा एक कायदा आपल्या राज्यात लागू आहे. सरकारी नोकरांच्या बदल्यांबद्दलचा आणि कामातल्या विलंबाबद्दलचा तो कायदा. त्यात असे म्हटले आहे, की कोणत्याही कर्मचाऱ्याने आपल्या टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाईल ठेवू नये. जाणूनबुजून ठेवली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सात दिवस! ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? कचेरीतल्या मंडळींना ती ठाऊक असते. आपणही ती ठाऊक करून घेतली, तर ‘फाईल कुठे अडली आहे आणि किती तारखेपासून’ हा एकच प्रश्न पुष्कळ काम करून जातो.

नडीच्या लाचेचे मूळ आणखी एका ठिकाणी असते. एखाद्या माणसाच्या मर्जीवर सगळे सोपविले की मर्जीला भाव येतो. शिक्षकमंडळींना हे सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या म्हणजे एके काळी शब्द टाकणाऱ्यांचा आणि वजन वापरणाऱ्यांचा हंगाम असे. २०१७ साली सरकारने बदल्यांचे नवे धोरण काढले आणि २०१८ साली संगणकाच्या साहाय्याने बदल्या झाल्या. त्या पद्धतीविषयी कुरकुरी पुष्कळ झाल्या, कुणाची गैरसोयही झाली. पण नियम सर्वांच्या डोळ्यांपुढे असला म्हणजे मध्यस्थाचा धंदा बसतो, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दुसरा उपाय उजेडाचा. लोभाच्या लाचेला अंधार लागतो. हिशेब कुणी पाहणार नाही, मोजमापाचे पुस्तक कुणाच्या हाती लागणार नाही, एवढी खात्री असली की ती फोफावते. या अंधाराविरुद्धची चळवळ महाराष्ट्रात जोरात झाली. अण्णा हजारे यांनी उपोषणे केली, आणि २००२ साली राज्याचा माहितीचा अधिकार कायदा आला. त्यानंतर २००५ साली संसदेने सबंध देशासाठी कायदा केला; तो त्या वर्षीच्या १२ ऑक्टोबरपासून पूर्णपणे लागू झाला.

या कायद्याने काय मिळाले? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून साध्या कागदावर अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेवढेही पैसे नाहीत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. उत्तर आले नाही, तर त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो दीडशे शब्दांत मांडावा, हे मात्र लक्षात ठेवा. रामायण लिहून पाठवाल तर नेमका प्रश्न हरवेल.

या कायद्यातली एक गोष्ट खेड्यातल्या माणसाने गाठीशी बांधून ठेवण्यासारखी आहे. माहिती म्हणजे नुसता कागद नव्हे. चालू असलेल्या सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क तुम्हाला आहे. बंधाऱ्यात सिमेंट किती आणि माती किती, हे पाहण्याचा हा कायदेशीर मार्ग आहे. रात्री जाऊन कुदळ मारण्याचे कारण नाही.

आणि उजेडाची सगळ्यांत जवळची जागा कोणती? आपली ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. पंचायतीचा जमाखर्च आणि मागल्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. पण होते काय? सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, तहकूब सभेला चारदोन डोकी येतात, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरते. न वाचता त्या रजिस्टरावर केलेली प्रत्येक सही म्हणजे अंधारात घातलेली आणखी एक भर होय. ज्या ठरावावर आपली सही आहे त्याविरुद्ध उद्या आपण तक्रार कशी करणार?

तिसरा उपाय शिक्षेचा. शिक्षा नसेल तर मुदत आणि उजेड यांना धार राहत नाही. लाचलुचपतीविरुद्धचा पहिला स्वतंत्र कायदा १९४७ सालचा. महायुद्धाच्या काळात टंचाई आली, कंट्रोल आले, परवाने आले, आणि परवान्यांबरोबर लाचखोरी बोकाळली. त्यावर तो उपाय होता. पुढे केंद्र सरकारने संतानम समिती नेमली. १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. मग १९८८ साली जुना कायदा आणि दंडविधानातली लाचेची कलमे एकत्र करून आजचा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा झाला, आणि २०१८ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला आता तीन ते सात वर्षे कैद आहे. ‘मी साहेबांकडून करून देतो’ म्हणून पैसे घेणारा दलाल सरकारी नोकर नसला तरी तोही या कायद्यातून सुटत नाही.

आणि देणारा? तोही गुन्हेगार आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इथे मात्र कायद्याने नडलेल्याचा विचार केला आहे. ज्याला लाच द्यायला भाग पाडले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळविले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले, तर तेव्हाही नाही. म्हणजे नड आणि लोभ हा जो फरक आपण पाहिला, तो कायद्यालाही मान्य आहे. ‘आम्ही दिले म्हणून आम्हीच अडकू’ या भीतीने गप्प बसणाऱ्यांनी हे सात दिवस विसरू नयेत.

सापळा कसा लावतात, हेही सांगतो. कारण न कळलेल्या गोष्टीचे भय जास्त वाटते. तक्रारदाराने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे, किंवा १०६४ या क्रमांकावर फोन करावा. नुसत्या तक्रारीवर कुणाला धरत नाहीत. खरोखर मागणी झाली आहे का, याची आधी पंचांसमक्ष पडताळणी करतात; बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवतात. मग नोटांना एक पांढरी भुकटी लावतात. ती बोटांना लागली तरी डोळ्यांना सहसा दिसत नाही. पण नोट हाती घेतलेल्या माणसाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले, की पाणी गुलाबी होते. तरीसुद्धा नुसत्या गुलाबी पाण्याने कोणी दोषी ठरत नाही. मागणी केली होती आणि घेतले होते, या दोन्ही गोष्टी कोर्टात सिद्ध व्हाव्या लागतात. निर्दोष माणूस वैरापोटी अडकू नये, म्हणून हे बंधन आहे आणि ते योग्यच आहे.

पुष्कळदा असे होते, की खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे जातात. तोवर तक्रारदारावर गावातून दबाव येतो, कुणी मेहुण्यामार्फत सांगते, कुणी सोयरिकीची आठवण देते. आणि तो साक्ष फिरवतो. क्वचित तो वारलेलाही असतो. अशा खटल्यांचे काय करायचे? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२२ मध्ये यावर निर्णय दिला. तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला, तरी खटला आपोआप कोसळत नाही. मागणी झाल्याचे इतर पुराव्यांवरून, परिस्थितीवरूनही सिद्ध करता येते, असे न्यायालयाने सांगितले.

हे झाले खालच्या पायरीचे. पण कुणी म्हणेल, तुम्ही तलाठ्याचे आणि कारकुनाचे सांगता, मोठ्या माशांचे काय? रास्त प्रश्न आहे. सत्तेचा गैरवापर वरच्या मजल्यावर झाला म्हणजे तिथे पाच-पन्नास रुपयांची गोष्ट राहत नाही. आपल्या इतिहासात याबद्दल एक नाव नेहमी घेतले जाते, रामशास्त्री प्रभुणे यांचे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच शास्त्रीबोवांनी दोषी धरले व पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. त्यांची निर्भयता थोर. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. न्यायाधीशाला पद सोडावे लागले, आणि ज्याच्यावर आरोप होता तो त्या वेळी गादीवरच राहिला. एकट्या थोर माणसाच्या भरवशावर राज्य चालत नाही. त्याच्या पाठीशी संस्था लागते.

अशी संस्था उभी करण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने लवकर केला. १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा झाला आणि १९७२ साली लोकायुक्तांची प्रत्यक्ष नेमणूक झाली. नागरिकाने साध्या अर्जावर तक्रार करावी आणि चौकशी व्हावी, ही त्यामागची कल्पना. परंतु त्या कायद्याने लोकायुक्तांच्या हाती शिफारशीचाच अधिकार दिला होता. शिफारस ऐकायची की नाही हे सरकारने ठरवायचे. देशासाठी लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले आणि पहिले लोकपाल नेमले गेले ते २०१९ साली. कायदा झाला म्हणजे संस्था झाली असे नव्हे, हे या सहा वर्षांवरून दिसते.

आणखी एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. उजेड पाडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढीत असत. जानेवारी २०१० मध्ये, सकाळी फिरायला गेले असता, त्यांचा खून झाला. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला. पण दहा वर्षे उलटली तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नव्हती. तेव्हा ‘तू पुढे हो, आम्ही आहोत’ असे म्हणून एकट्याला पुढे घालणे हे गावाला शोभत नाही. मोठ्या रकमेच्या कामाबद्दल अर्ज करायचा असेल तर तो चारजणांनी आपापल्या नावाने करावा, ग्रामसभेत ठराव घालून मागणी करावी. माहिती एकट्याच्या कपाटात असली की त्या एकट्याला धोका. तीच माहिती चावडीवर सर्वांसमक्ष वाचून दाखवली, तर एका माणसाला दडपून काही साधत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. पूर्वी गावात पत्र आले की ते मास्तरांकडे वाचायला यायचे. आता मुले वाचतात. पण कचेरीची भाषा वाचणे हे अजून सर्वांना जमत नाही. ‘पदनिर्देशित अधिकारी’, ‘अपिलीय प्राधिकारी’ हे शब्द पाहूनच माणूस मागे फिरतो. वरच्या वर्गातल्या मुलांना एक दिवस ग्रामपंचायतीच्या फलकापुढे न्यावे आणि सेवांची यादी, मुदत, फी वहीत उतरवून घ्यायला सांगावे. फलक नसेल, तर तो का नाही, याबद्दल एक नम्र पत्र वर्गातच लिहवून घ्यावे. पत्रलेखनाचा धडा होईल आणि नागरिकशास्त्राचाही. ते पोर घरी जाऊन आजीला सांगेल, ‘आजी, वारसाच्या नोंदीला हरकतीचे दिवस पंधराच असतात, बरं का.’ मग त्या आजीला सहा महिन्यांची थाप मारणे कठीण जाईल.

आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी कचेरीत जाल तेव्हा तीन गोष्टी करा. अर्ज लेखी द्या. तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. मुदत कोणती ते विचारून, त्या पोचेच्या मागेच लिहून ठेवा. कचेरीत प्रामाणिक माणसेही पुष्कळ असतात. त्यांना याचा राग येणार नाही. उलट त्यांचे काम सोपे होईल. ज्याला राग येईल, त्याचा राग कशाचा आहे हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

नडीची लाच आपण अशा रीतीने बरीचशी बंद करू शकतो. त्याला फार मोठे धैर्य लागत नाही, थोडी माहिती आणि चिकाटी लागते. लोभाची लाच बंद करणे अवघड आहे, कारण तिथे कधी कधी देणारे हात आपल्यातलेच असतात. बांध सरकवून घेताना, पट नसताना अनुदान घेताना, खोट्या दाखल्यावर सवलत घेताना, आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे ज्याचे त्याने पाहावे. तलाठ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण शेजाऱ्याच्या बांधाचा प्रश्न निघाला म्हणजे कायदा कुणाकुणाला हवा आहे आणि कुणाला नको, ते गावात लगेच समजते.